बार्शी लाइटचा साहेब आणि बोटभर वारकरी

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट कुणी न सांगता कळलेली असते. दगड-माती, भिजवलेली पोती, अळीव पेरून उगवलेली हिरवळ, हे सगळे जमले तरी किल्ल्यात जीव येत नाही. तो येतो कुंभाराकडून आणलेली चित्रे त्यावर मांडली की. बुरुजावर भालेवाला, पायथ्याला विहिरीवरची बाई, वाटेवर गाढव हाकणारा कुंभार. मावळा दिंडीदरवाजापेक्षा उंच निघाला तरी पोरांचे काही अडत नाही. सातासमुद्रापलीकडे इंग्लंड-जर्मनीत पन्नाशी-साठीचे गृहस्थ आपल्या घरामागच्या बागेत रूळ टाकून छोटी आगगाडी चालवतात, त्यांनाही हीच ओढ असते. फरक एवढाच, की त्यांचा माणूस दारापेक्षा केसभरही उंच असून चालत नाही. मग ते रात्र-रात्र दिव्याखाली बसून बोटाएवढी माणसे रंगवतात. फलाटावर उभा राहणारा स्टेशनमास्तर, दुधाचे कॅन उतरवणारा शेतकरी, इंजिनातला काळपट झालेला ड्रायव्हर.

या बागेतल्या गाड्यांमध्ये एक गाडी फार लाडकी आहे. फिकट पिवळे, सज्जे असलेले डबे, पुढे भला मोठा हेडलाइट लावलेले बुटके इंजिन. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या डोंगरी रेल्वेची ती प्रतिकृती. तिच्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने जरा निरखून पाहावे. ती बार्शी लाइटची धाकटी बहीण आहे. दोघींचा बाप एकच, आणि त्याचे नाव त्या बुटक्या इंजिनाच्या कुशीवर लिहिलेले असते. ई. आर. कॅलथ्रॉप. छोट्या रेल्वेच्या जगात हे नाव आपल्याकडच्या विश्वेश्वरय्यांइतक्या आदराने घेतले जाते. ज्या बार्शीने त्याला मोठे केले त्या बार्शीत मात्र लाइट आठवते, साहेब आठवत नाही.

एव्हरर्ड रिचर्ड कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा. घर शेतकऱ्याचे, भावंडे बरीच. त्यातला गाय हा धाकटा भाऊ पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बलाढ्य रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला आणि सर ही पदवी मिळवून बसला. थोरल्याला तसली पायरी-पायरीने चढण्याची नोकरी मानवणारी नव्हती. शाळा अपिंगहॅमची. मग रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात थोडे दिवस, १८७४ पासून क्रू येथे उमेदवारी, पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेत डबे-वाघिणींचा कारखाना. वाघीण म्हणजे मालडबा, हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे. या वाघिणींनीच पुढे त्याचे नाव केले.

१८८२ साली तो हिंदुस्थानात आला, जी.आय.पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून. वय पंचवीस. जी.आय.पी.ची मोठी लाइन तोवर सोलापूरला येऊन बावीस वर्षे झाली होती. पण ही लाइन बार्शीला बगल देऊन गेली होती. बार्शी म्हणजे त्या काळची कापसाची आणि धान्याची नामांकित पेठ. मराठवाड्याचा, म्हणजे निजामाच्या मुलखाचा माल बालाघाटाच्या डोंगरातून उतरून इथे यायचा आणि इथून पुढे सुमारे बावीस मैल बैलगाडीने रेल्वेपर्यंत जायचा. त्या स्टेशनाचे नावच बार्शी रोड होते. आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणतो. स्टेशनाला गावाचे नाव आहे आणि गाव बावीस मैल लांब आहे, यातच सगळे दुखणे आले. काळ्या रानातली वाट, पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतायचे. कापसाच्या गासड्या भिजायच्या, बैल बसायचे आणि भाडे वाढायचे.

कॅलथ्रॉपने नोकरीत असतानाच अशा आडबाजूच्या पेठा हेरायला सुरुवात केली. त्याचा हिशेब साधा होता. बावीस मैलांसाठी साडेपाच फुटी रुंद लाइन टाकणे कुणालाच परवडणार नाही. मग लाइन लहान करा. पण लहान लाइन म्हणजे कमकुवत लाइन, हा सरकारदरबारी आणि लष्करात पक्का समज. शिवाय एका मापाच्या गाडीतून दुसऱ्या मापाच्या गाडीत माल भरण्याचा व्याप. परवानग्या रेंगाळल्या. वर्षे गेली. तो नोकरी सोडून मायदेशी परतला, सल्लागार इंजिनियर म्हणून बसला, पण बार्शीचे कागद त्याने गुंडाळून ठेवले नाहीत. शेवटी १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. सल्लागार अर्थातच तोच.

त्याची खरी करामत समजून घ्यायला इंजिनियर असण्याची गरज नाही. रुळाला गाडीचे एकूण वजन कधी कळत नाही. एका आसावरून, म्हणजे चाकाच्या एका जोडीवरून, जेवढा भार येतो तेवढाच त्याला कळतो. दहा माणसे एका फळीवरून ओळीने चालत गेली तर फळी टिकते, दहाही एकाच जागी उभी राहिली तर मोडते. त्या काळी व्हायचे असे की इंजिनाचा आस भारी, डब्याचा हलका. रूळ मात्र भारी आसाच्या मापाने टाकावा लागे आणि ते जास्तीचे लोखंड पोसत बसावे लागे. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो, डबा असो की वाघीण, गाडीतल्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये आणि मालाच्या गाडीने त्या पाच टनांचा पुरेपूर उपयोग केला पाहिजे. चार आसांची वाघीण भरून वीस टन. इंजिनाचा भार जास्त, तर त्याला चाके जास्त. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला आठ जोडचाके आणि मागे चार आधारचाके असलेली इंजिने बांधून दिली. एवढे झाल्यावर रूळ लागला यार्डाला अवघा ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्यावरून अंदाज यावा. रुळांमधले अंतर अडीच फूट. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, सगळे एकाच मापाचे, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसावा.

माल जहाजावर चढवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून या गाड्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. लष्कराचे लोकही ते पाहायला आले. चढ, वळणे आणि त्यावरून जड सामान घेऊन सफाईने जाणारी खेळण्यासारखी गाडी. बार्शीच्या गाडीने पहिली शिट्टी घातली ती अशी इंग्लंडात. बार्शीकरांनी ती ऐकली मार्च १८९७ मध्ये.

मग लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये येडशीचा घाट उतरून-चढून लातूर, १९२७ मध्ये मिरज. दोनशे मैलांच्या वर पसरलेली आणि कुर्डुवाडीला स्वतःचे वर्कशॉप असलेली ही छोटी रेल्वे मोठ्या रेल्वेच्या तोऱ्यात चालली. लातूरची पेठ बार्शीपेक्षा मोठी झाली, त्याला ही लाइनही कारण आहे, हे बार्शीचे जुने व्यापारी थोड्या नाराजीनेच कबूल करत.

कॅलथ्रॉप काही धर्मादाय करायला निघाला नव्हता. कंपनी लंडनची, भागभांडवलदार लंडनचे, नफा तिकडे जायचा. पंढरीचा फाटा टाकताना विठोबापेक्षा वारकऱ्याच्या तिकिटाकडे कंपनीचे लक्ष होते, हे उघड आहे. आणि यात्रेच्या दिवसांत त्या सुबक, मोजून-मापून केलेल्या गाडीचे जे व्हायचे ते साहेबाच्या कागदावर कुठेच नव्हते. डबे भरले की वाघिणींत माणसे, वाघिणी भरल्या की टपावर. पाच टनांचा नियम लोखंडासाठी होता. माणसांच्या दाटीला नियम नव्हता.

आता कल्पना करा, की ही गाडी सोलापुरातल्या एखाद्या बंगल्याच्या अंगणात करायची आहे. छोटे रेल्वेविश्व उभे करण्याचा छंद आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून हजारो मुलांनी पाहिले आहे. तिथले प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे माणूस सुमारे दोन सेंटिमीटरचा. दालनात ते शोभते. अंगणात मात्र एवढा माणूस मुंग्याच उचलून नेतील. बागेतल्या गाडीला ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ वापरतात. अडीच फुटी बार्शी लाइट त्यावर बसवायची तर प्रमाण येते साधारण एकास सतरा. साडेपाच फुटी माणूस मग दहा सेंटिमीटरचा, आपल्या मधल्या बोटापेक्षा जरासा उंच. ३२ मिलिमीटरचे रूळ घेतले तर प्रमाण एकास चोवीस आणि माणूस सात सेंटिमीटरचा.

इंजिन नकाशावरून करता येते. अडचण येते ती फलाटावर. जर्मनीत प्रायझर नावाची कंपनी १९४९ पासून छोट्या रेल्वेसाठी माणसे बनवते, काम सुंदर असते. पण ती माणसे त्यांच्याकडची. लांब कोट, टोपी, हातात बॅग. अशी मंडळी पंढरपूर स्टेशनावर मांडली तर ती मिशनऱ्यांची सहल वाटेल. आपला वारकरी आपल्यालाच करावा लागतो.

तो करायला भांडवल फार लागत नाही. बारीक तारेचा सांगाडा, त्यावर आपण गळका नळ बुजवायला वापरतो ते एम-सील. मळून लावले की तासाभरात घट्ट होते, तेवढ्या वेळात खांदा, कंबर, गुडघा बसवून घ्यायचा. धोतरासाठी खरे कापड वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरावा. कापडाचे सूत लहान होत नाही. तलम मलमलसुद्धा दहा सेंटिमीटरच्या माणसावर गोणपाट दिसते. त्यापेक्षा पातळ टिश्यू कागद पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून अंगावर चढवावा, सुईने चुण्या पाडाव्यात आणि वाळू द्यावा. पताका पातळ पत्र्याची करावी, म्हणजे वाऱ्याने दिलेला बाक कायम राहतो. टाळांना पितळी पत्र्याच्या टिकल्या, वीणेला काडी आणि मणी. डोक्यावरच्या तुळशीवृंदावनासाठी मात्र सढळ हाताने वेळ द्यावा. दुरून पाहणाऱ्याची नजर आधी तिथे जाते.

रंगवायला बसले की खरी परीक्षा सुरू होते. प्रथम सगळ्या अंगाला राखी अस्तर. मग रंग पातळ करून दोन-तीन हात. चकाकणारा रंग लावला की माणूस बाहुली होतो, म्हणून रंग बिनचकाकीचा हवा. अंगाच्या रंगाची परदेशी बाटली मिळते, ती गुलाबी असते. आपल्या उन्हातला चेहरा तपकिरी, पिवळी माती आणि नखभर लाल यांतून निघतो. आणि वीस वारकरी असले तर ते मिश्रण वीस वेळा थोडे-थोडे बदलावे लागते. एकाच बाटलीतले वीस चेहरे म्हणजे एकाच आईची वीस मुले. डोळ्यांत पांढरा ठिपका घालू नये. या मापावर माणूस दचकल्यासारखा दिसतो. भुवईखाली एक गडद रेघ पुरते. चुण्यांमध्ये पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडावा, तो आपोआप खोलात जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग नुसता घासावा. खरे ऊन अंगणात असतेच, मग सावली रंगवायची कशाला, असा प्रश्न पडतो. पण एवढ्याशा चुणीत खरी सावली पडून-पडून किती पडणार? ती चितारावीच लागते.

यातली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे पांढरे धोतर. बाटलीतला पांढरा तसाच लावला की वारकरी क्रिकेट खेळायला निघालेला वाटतो. पंधरा-वीस दिवस चाललेल्या माणसाचे धोतर पांढरे नसते. आषाढी असेल तर पोटरीपर्यंत काळा चिखल, खांद्यावर भिजून जड झालेली घोंगडी, तिचीच केलेली खोळ. कार्तिकी असेल तर चिखल नाही, धूळ, आणि ती काठाकडून वर फिकट होत जाणारी. म्हणजे फलाटावरच्या माणसांचे नुसते पाय पाहून महिना कळला पाहिजे. कपाळाचा गोपीचंदनी टिळा आणि त्याखालचा काळा बुक्का एका केसाच्या कुंचल्याने. बायकांची लुगडी नऊवारी, इरकली काठाची. काठ म्हणजे दोन रेघा. त्या सरळ आल्या नाहीत तरी चालेल, पण कासोट्याबरोबर वळल्या पाहिजेत. जाणकाराची नजर तिथेच अडकते.

आणखी एक खुबी आहे. धावणारा माणूस फलाटावर ठेवू नये. गाडी येते, जाते, पुन्हा येते आणि हा आपला एक पाय वर करून कायमचा धावतोच आहे, हे दोन फेऱ्यांत हास्यास्पद होते. माणूस ज्या स्थितीत बराच वेळ राहतो ती स्थिती निवडावी. वळकटीवर डोके टेकून झोपलेला म्हातारा. तंबाखू मळणारा. पोराला मांडीवर घेऊन पदराने वारा घालणारी. डाव्या हाताने टाळ सांभाळत उजव्याने तिकिटाची गाठ चाचपणारा. वारकरी पंढरीला जातो पायी, गाडी त्याला लागते ती परतीला. त्यामुळे पंढरपूरच्या फलाटावरचे चेहरे दमलेले आणि निवांत हवेत. वाट पाहणे हाच स्टेशनावरचा मुख्य उद्योग, आणि तोच पुतळ्याला साधतो. माणसे सुटी-सुटी उभी न करता तिघा-चौघांची टोळकी करावीत, पाठ बाहेर, तोंड आत. तळव्यात टाचणी रोवून ठेवली की जागेवरून हलत नाहीत.

सोलापूरच्या हवेचा एक इशारा. भगवा आणि लाल हे रंग आपल्या उन्हात सर्वांत आधी उडतात. चैत्र-वैशाखात भर दुपारी प्लॅस्टिकची माणसे माना टाकतात. तेव्हा गाडीचा खेळ संपला की वारकऱ्यांना घरात न्यावे. रुळ आणि फलाट राहू द्यावेत बाहेर.

असो. साहेबाकडे परत जाऊ. बार्शीने त्याचे नाव झाले आणि सल्ला विचारायला लांबलांबून लोक येऊ लागले. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटाची रेल्वे १८९८ मध्ये त्याच्या सल्ल्याने अडीच फुटांवर आली. मग घरच्या अंगणात, स्टॅफर्डशायरात, तशीच गाडी टाकण्याची संधी मिळाली. लीक अँड मॅनिफोल्ड २७ जून १९०४ ला सुरू झाली. लांबी सव्वाआठ मैल. इंजिने पुन्हा किटसनची, घाट बार्शीचा. हिरव्या, धुकट दरीतून सज्जाचे पिवळे डबे आणि वाळवंटात शोभावा असा हेडलाइट घेऊन ही गाडी निघाली, तेव्हा तिकडच्या लोकांना ती परदेशातून वाट चुकून आल्यासारखी वाटली असणार. आपल्याकडे विलायतेहून गाड्या आल्या, हे आपण शाळेत शिकतो. बार्शीची गाडी विलायतेला गेली, हे कुणी शिकवत नाही. इथे त्याने आणखी एक युक्ती केली. मोठ्या रेल्वेची अख्खी वाघीण छोट्या गाडीच्या पाठीवर चढवून न्यायची, म्हणजे माल उतरवण्या-भरण्याचा प्रश्नच मिटला. सरकारने ज्या अडचणीवर बोट ठेवून बार्शीला वर्षानुवर्षे थांबवले होते, तिचे हे उत्तर होते. बार्शीला मात्र ते उशिराच सुचले. कुर्डुवाडीच्या हमालांनी पाठीवरून गासड्या वाहिल्या त्या वाहिल्याच.

लीकच्या एका इंजिनाला कंपनीने त्याचे नाव दिले. दुसऱ्याला जे. बी. अर्ल या तिथल्या इंजिनियरचे.

रेल्वेने त्याला पैसा दिला. तो घालवला घोड्यांत आणि पॅराशूटमध्ये. लंडनजवळ लॉटन येथल्या घरी त्याने अरबी घोडे पाळले. चाबूक न वापरता घोडा शिकवता येतो, यावर त्याचा विश्वास होता आणि १९२० मध्ये त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. पॅराशूटची कथा दुःखाची आहे. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून गेला. तेव्हापासून कॅलथ्रॉपला एकच ध्यास लागला, की विमान मोडले तरी आतला माणूस वाचला पाहिजे. रेशमी छत्री विमानाखालच्या डब्यात घडी करून ठेवायची, दोरी वैमानिकाला बांधायची, त्याने उडी टाकली की त्याच्याच वजनाने छत्री ओढून उघडायची. १९१३ पर्यंत त्याने तिचे पेटंट घेतले आणि नाव ठेवले गार्डियन एंजल. पुढे दाबाच्या हवेने वैमानिकालाच विमानाबाहेर फेकण्याची कल्पनाही त्याने मांडली. आजच्या लढाऊ विमानातल्या इजेक्शन सीटची ती पणजी.

महायुद्ध पेटले. पोरसवदा वैमानिक जळत्या विमानांतून पडत होते. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट मिळे. विमान चालवणाऱ्याला देण्याची परवानगी मात्र ब्रिटिश अधिकारी देईनात. कारणे अनेक सांगितली गेली, वजन वाढते, जागा नाही. छत्री असली तर वैमानिक लढायचे सोडून उडी मारील, ही शंकाही त्यामागे असल्याचे मानले जाते. १९१७ मध्ये ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, सुमारे दीडशे फुटांवरून, ही छत्री लावून थेम्स नदीत उडी घेतली. हा गडी शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत बर्फावर अडकून परत आलेला. उडी गाजली, तरी परवानगी आली नाही. गार्डियन एंजल वापरली गेली ती शत्रूच्या मुलखात गुप्तहेर उतरवायला. आपला वैमानिक वाचवायला नाही. युद्ध संपल्यावर दुसऱ्या बनावटीच्या पॅराशूटना पसंती मिळाली आणि कॅलथ्रॉपचे बरेचसे भांडवल या नादात बुडाले.

जो माणूस रुळावर येणारा प्रत्येक टन मोजत होता, तोच विमानातल्या एका माणसासाठी वजन वाढवा म्हणून दहा वर्षे दारोदार फिरला. मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो तो इथे. बार्शीच्या टपावर बसलेल्या वारकऱ्यांकडे त्याने त्याच डोळ्यांनी पाहिले असते तर, असे वाटून जाते. पण कंपनीचे हिशेब आणि मित्राचे मरण यांत अंतर असते.

३० मार्च १९२७ ला तो लंडनमध्ये वारला. बार्शी लाइट मिरजेला पोचली तेही वर्ष १९२७ च. लीकची गाडी १९३४ मध्ये बंद झाली आणि तिच्या वाटेवर लोक फिरायला जाऊ लागले. त्याचे नाव ल्यालेले इंजिन १९३७ च्या सुमारास मोडीत निघाले. आज ते कुणाला पाहायचे असेल तर बागेतच, प्रतिकृतीच्या रूपात. आपली लाइट त्यामानाने चिवट निघाली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि एकविसावे शतक उजाडेपर्यंत ती अडीच फुटांवरच पळत राहिली. मग पंढरपूर, बार्शी, लातूर, मिरज असे एकेक टप्पे रुंद झाले. आता तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. सोय झाली, याबद्दल कुणाचे दुमत नाही.

अंगणातली बार्शी लाइट करू पाहणाऱ्याला इंजिनाची मापे मिळतील. लोखंडाच्या नोंदी कंपनीने जपून ठेवल्या. रूळ ठोकणारे गँगमन, फलाटावरचे हमाल, गार्ड, चहावाले यांच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. जे जुने फोटो आहेत ते काळे-पांढरे. त्यात पागोटे दिसते, पागोट्याचा रंग दिसत नाही. तो रंग अजून तरी माणसांच्या डोक्यात आहे. लाइटने रोज कॉलेजला गेलेले, लग्नाचे वऱ्हाड घेऊन सांगोल्याला उतरलेले, येडशीच्या चढावर गाडी मंदावली की उतरून चालू लागलेले लोक बार्शीत, मोडनिंबला, ढोकीला, कवठेमहांकाळला घरोघर आहेत. कुंचला हातात घेण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसावे. डबा बाहेरून कुठल्या रंगाचा होता आणि आतून कुठला? बाकाची फळी गुळगुळीत होती की खडबडीत? पॉइंट्समनच्या खांद्यावरच्या फडक्याचा रंग कोणता? कुर्डुवाडीला पेरू विकणारी बाई टोपली डोक्यावर घेई की काखेत? शेंगा कागदात मिळत की पानात?